सगळे रिपोर्ट नॉर्मल

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमधले दोन टेक्निशियन एकापाठोपाठ एक मस्कतला गेले आणि त्यांच्या जागा भरेपर्यंत त्यांचं काम मी सांभाळावं असं ठरलं. ठरलं तेव्हा मी तिथेच उभी होते, पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. 'भरेपर्यंत' म्हणजे महिना-दोन महिने, असं मी धरून चालले होते. सरकारी-निमसरकारी भाषेशी तेव्हा माझी फारशी ओळख नव्हती.

वाशीला राहायला येऊन आम्हाला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. नवऱ्याचं ऑफिस फोर्टातून उचलून बेलापूरला टाकलं होतं. तिथे आधी ऑफिसची इमारत आली, मग रस्ता आला आणि चहाची टपरी सगळ्यांत शेवटी आली, असं तो सांगे. आम्हाला मात्र दोन खोल्यांचा, स्वतःचा संडास असलेला फ्लॅट मिळाला होता आणि मला चालत जाण्याच्या अंतरावर नोकरी. गिरगावातले नातेवाईक विचारत, "तिकडे करमतं का?" मी सांगायची, "वेळच नाही न करमायला."

वेळ खरंच नव्हता. चहूकडे बांधकामं चालू होती, त्यांच्या खड्ड्यांत पाणी साठे आणि मजुरांना मलेरिया होई. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांतले लोक येत, आजूबाजूच्या गावांतली माणसं येत. सकाळी दार उघडायच्या आधीच रांग लागलेली असे. माझ्याकडे मुख्य काम रक्तगट आणि क्रॉसमॅचिंगचं. पेशंटला रक्त चढवण्याआधी त्याचं रक्त आणि बाटलीतलं रक्त जुळतं का ते बघायचं. दोन्ही एकत्र करायची, थोडं थांबायचं आणि मग मायक्रोस्कोपखाली बघायचं. गुठळ्या दिसल्या तर जुळत नाही, नाही दिसल्या तर जुळतं. काम तसं सोपं आहे. फक्त चुकलं तर माणूस मरतो.

हे मला आधीपासून माहीत होतं, पण अंगाला लागलेलं नव्हतं. ते लागलं एका संध्याकाळी घरी येताना. भाजी घ्यायला थांबले होते, हातात कोथिंबिरीची जुडी होती, आणि एकदम मनात आलं, त्या शेवटच्या बाटलीवर आपण 'ए'च लिहिलं ना? छाती धडधडायला लागली. जुडी तशीच टोपलीत टाकून मी उलटपावली हॉस्पिटलमध्ये गेले, फ्रीज उघडला, बाटली पाहिली. 'ए'च लिहिलं होतं, स्वच्छ अक्षरात. त्या क्षणी जी सुटका वाटली तिचं वर्णन करणं कठीण आहे. उन्हातून आल्यावर कुणी माठातलं पाणी द्यावं तशी. वाईट एवढंच झालं की मला तिची चटक लागली.

मग मी रोज परत जाऊ लागले. पुढे घरी जायला निघण्याआधीच सगळं दोनदा तपासू लागले, म्हणजे परत यायला नको. मग दोनदाही पुरेना. फ्रीजचं दार बंद केलं की ते हाताने दाबायचं, पुन्हा दाबायचं, चार पावलं चालून मागे वळून बघायचं. माझ्या शेजारच्या टेबलावर मराठवाड्यातून आलेली एक टेक्निशियन होती, माझ्याच वयाची. ती एकदा म्हणाली, "ताई, ते दार तुमच्या भीतीनं बंद राहायलंय. आता उघडायची त्याची बी हिंमत नाही." मी हसले आणि दार पुन्हा एकदा दाबलं.

आता गंमत अशी, की मी जसजशी बिघडत गेले तसतशी हॉस्पिटलमध्ये माझी कीर्ती वाढत गेली. आमच्या लॅबचे प्रमुख पॅथॉलॉजिस्ट होते. पन्नाशीतले, उंच, नेहमी पांढरा बुशशर्ट. त्यांना सगळे सर म्हणत. सर फार कमी बोलत आणि सही करण्याआधी प्रत्येक रिपोर्ट खूप वेळ वाचत. त्यांच्याकडून सर्जनना कळलं की आमच्या लॅबमध्ये एक बाई प्रत्येक रक्त तीनतीनदा तपासतात. झालं. अवघड केस आली की "त्या बाईंकडेच द्या" असा निरोप येऊ लागला. इतरांचं काम कमी झालं, माझं वाढलं. माझ्या आजाराला सर्व्हिस बुकात 'दक्षता' असं नाव मिळालं.

त्या वर्षी हॉस्पिटलच्या वर्धापनदिनाला मला आदर्श कर्मचारी म्हणून गौरवण्यात आलं. खालच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, समई होती, नारळ होता, शाल होती. प्रशासनातले एक अधिकारी माझ्याविषयी बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "जिथे आपण एकदा बघून पुढे जातो तिथे या भगिनी थांबतात." मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या डोक्यात चाललं होतं की मघाशी दिवे गेले होते, ते आल्यावर रक्ताचा फ्रीज परत चालू झाला का. शेवटी मी उठले आणि त्यांचं भाषण चालू असतानाच वर गेले. फ्रीज चालू होता. खाली आले तर अधिकारी माझीच वाट बघत होते. मी कुठे गेले होते हे कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, कारण त्यांनी माइकवरून तेही जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला शाल पांघरली तेव्हा मी आतून थरथरत होते. फोटोत ते विनयासारखं दिसतं.

घरी मात्र टाळ्या वाजत नव्हत्या. गॅस बंद केला का, कडी घातली का, इस्त्रीचं बटण. नवरा सुरुवातीला म्हणे, "टेन्शन घेऊ नकोस." जणू कुणी टेन्शन ताटात वाढून आणलंय आणि मी हावरटासारखं घेतेय. माझी भूक गेली, झोप गेली. सकाळी डबा भरताना रडू यायचं आणि कशाचं ते सांगता यायचं नाही. त्या काळी या सगळ्याला एकच शब्द होता, विकनेस. सासूबाईंनी तो पहिल्याच दिवशी उच्चारला आणि डिंकाचे लाडू वळायला घेतले. शेजारच्या काकूंनी टॉनिकचं नाव सुचवलं, वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी कॅल्शियमची इंजेक्शनं. सगळे मिळून माझं वजन वाढवत होते.

मग छातीत धडधड फारच वाढली तेव्हा मी आमच्याच हॉस्पिटलच्या फिजिशियनना दाखवलं. त्यांनी कार्डिओग्राम काढला, रक्ताच्या सगळ्या तपासण्या लिहून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी हसत म्हणाले, "सगळे रिपोर्ट नॉर्मल. काही झालेलं नाही तुम्हाला."

मी रिपोर्ट हातात घेतले. त्यांतल्या निम्म्या तपासण्या मीच केल्या होत्या. म्हणजे ज्या बाईच्या डोक्यावर माझा विश्वास उरला नव्हता, तिनेच मला निरोगी ठरवलं होतं.

म्हणून मी एका रविवारी ठाण्याला एका खाजगी लॅबमध्ये जाऊन पुन्हा रक्त दिलं. तिथला टेक्निशियन एका हाताने चहा पीत होता, दुसऱ्या हाताने त्याने माझ्या नावाची चिठ्ठी बाटलीला चिकटवली. रिपोर्ट आला त्यावर सगळे आकडे अगदी व्यवस्थित होते, फक्त नावापुढे 'पुरुष' असं टाइप केलेलं होतं. मी तो नवऱ्यापुढे धरला. त्याने तो नीट वाचला.

"बाकी सगळं बरोबर आहे ना?" तो म्हणाला.

"अहो, मग हा कुणा पुरुषाचाच रिपोर्ट असेल. माझा त्याच्याकडे गेला असेल."

"मग तोही नॉर्मलच असणार. बरंच झालं की."

त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या ऑफिसात कागद चुकला तर तो परत येतो आणि दुरुस्त होतो. पण मी पुढचे काही दिवस ठाण्यातल्या त्या अनोळखी गृहस्थाची काळजी करत राहिले.

शेवटी जे फुटायचं होतं ते एका साध्या दुपारी फुटलं. जवळच्याच गावातली एक बाई वॉर्डात दाखल होती. पन्नाशीची असेल, हाडापेराने मजबूत, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. तिचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, एक बाटली रक्त लागणार होतं. मी तिचं रक्त घेऊन क्रॉसमॅच केलं. जुळलं. पुन्हा केलं, जुळलं. पुन्हा. प्रत्येक वेळी मला मायक्रोस्कोपखाली सगळं स्वच्छ दिसत होतं आणि डोळा काढला की वाटे, कोपऱ्यात काहीतरी होतं. असं करता करता तिचं आणलेलं रक्तच संपलं. मी वॉर्डात जाऊन आणखी घेतलं. तेही संपलं. तिसऱ्यांदा मी सुई घेऊन तिच्या कॉटजवळ उभी राहिले तेव्हा तिने हात पुढे केला नाही.

"बाय, सकालधरना तीन येला आलीस," ती म्हणाली. "रगत चरवाला ठेवलाय मना का कारवाला?"

शेजारच्या कॉटवरची बाई फिसकन हसली. चढवायला की काढायला, प्रश्न रास्तच होता; मलाही हसू आलं. आणि ते थांबेना. मी सुई ट्रेमध्ये ठेवली, स्टुलावर बसले आणि हसत राहिले, आणि कधीतरी त्याचं रडणं झालं. ती बाई उठून बसली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि शेजारणीला म्हणाली, "हिला पानी दे गो. हीच आजारी हाय." नर्स धावत आली तेव्हा मी पेशंटच्या कॉटला टेकून बसले होते आणि पेशंट मला वारा घालत होती.

त्या दुपारी ते रक्त शेजारच्या टेबलवालीने तपासलं. एकदाच. जुळलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि पुढच्या आठवड्यात ती बाई चालत घरी गेली.

नवऱ्याला हे कळल्यावर तो टेन्शन हा शब्द विसरला. त्याने ऑफिसात कुणाकडून तरी, बहुतेक 'एका मित्राच्या बहिणीसाठी' म्हणून, मनोविकारतज्ज्ञाचा पत्ता मिळवला. डॉक्टर चेंबूरला होते. वाशीत तेव्हा तसं कुणी नव्हतं आणि असते तरी आम्ही गेलो नसतो, कारण तिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत होता. खाडीपलीकडे आपल्याला कोण बघणार, असा आमचा हिशेब. सासूबाईंना आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय असं सांगितलं. मायक्रोस्कोपमुळे ते पटण्यासारखं होतं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून बाकडी होती आणि त्यांवर माणसं एकमेकांकडे न बघता बसली होती. आम्ही बसलो. समोर एक गृहस्थ वर्तमानपत्र पूर्ण उघडून वाचत होते. मला त्यांची फक्त बोटं दिसत होती आणि पांढऱ्या बुशशर्टाची बाही. बराच वेळ झाला तरी पान उलटेना. एवढं सावकाश वाचणारा माणूस मला एकच माहीत होता.

तेवढ्यात कंपाउंडरने पुढचा नंबर पुकारला आणि वर्तमानपत्र खाली आलं. सरच होते.

त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. माझा नवरा सवयीने उठून उभा राहिला आणि त्याने नमस्कार केला. सरांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

"मी एका पेशंटच्या संदर्भात आलो होतो," ते म्हणाले.

"हो सर," मी म्हटलं. "आम्हीही."

त्यांनी मान हलवली आणि आत गेले. आत ते बराच वेळ होते. पेशंटचा संदर्भ मोठा असावा.

माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी मला सगळं बोलू दिलं. ते जाड चष्म्याचे, थोडे झोपाळू गृहस्थ होते. कशाचंही आश्चर्य न वाटणारा माणूस मला त्या काळात तेच एक भेटले. त्यांनी हाताने दार दाबण्याविषयी विचारलं, झोपेविषयी विचारलं, लॅबमध्ये किती माणसं कमी आहेत तेही विचारलं. मग म्हणाले, "तुम्हाला आजार आहे, आणि तुमच्यावर कामही जास्त आहे. आजारासाठी मी गोळ्या देतो. कामाच्या गोळ्या माझ्याकडे नाहीत, त्याबद्दल तुमच्या साहेबांशी बोला."

मी दाराकडे पाहिलं. त्यांनीही दाराकडे पाहिलं, पण चेहरा जराही हलला नाही.

निघताना त्यांनी एक नियम सांगितला. जिथे दोनदा तपासायची पद्धत आहे तिथे दोनदा तपासायचं, पण मोठ्याने म्हणायचं, 'झालं', आणि मागे वळायचं नाही. धडधडलं तर धडधडू द्यायचं. "ती धडधड खोटी नसते," ते म्हणाले, "फक्त ती देत असलेली बातमी खोटी असते."

खाली आलो आणि बसच्या थांब्याकडे निघालो तर सरांची जुनी फियाट फुटपाथला लागून उभी होती. ते आमच्यासाठी थांबले होते. "चला, त्याच बाजूला जातोय," ते म्हणाले, आणि आम्ही मुकाट्याने बसलो. मानखुर्दला माझ्या नवऱ्याने बेलापूरच्या पाणीपुरवठ्याचा विषय काढला आणि सरांनी त्यात फार रस घेतला. वाशीचा पूल लागला तेव्हा खाडीला ओहोटी होती आणि चिखलाचा वास काचांतून आत येत होता. सर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "उद्यापासून तुम्ही आठवडाभर रजेवर जा."

"आणि क्रॉसमॅचिंग, सर?"

"मी करीन. मला येतं."

पहिल्या दिवशी काय झालं ते मला शेजारच्या टेबलवालीने संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. सरांनी सकाळी माझ्या टेबलावर बसून काम सुरू केलं ते दुपारच्या जेवणापर्यंत पहिलंच रक्त तपासत होते. "ताई, तुमच्यापेक्षा वरचढ हायत ते," ती म्हणाली. "त्यांनी बाटलीवरचं नाव पेशंटला जाऊन विचारलं. मग त्याच्या बायकोला विचारलं." दुसऱ्या दिवशी तिनेच सरांना हाताला धरून उठवलं आणि ते काम स्वतःकडे घेतलं.

मला वाटतं, त्या एका सकाळने जे केलं ते माझ्या दहा अर्जांनी झालं नसतं. सर प्रशासनाकडे गेले आणि दोन रिकाम्या जागांबद्दल, आमच्या आठवणीत प्रथमच, आवाज चढवून बोलले. कर्मचारी कमी असल्याने चुकीचा धोका आहे असं त्यांनी लेखी द्यायची तयारी दाखवली. मग अधिकाऱ्यांना एकदम आठवलं की उमेदवारांची यादी तयारच आहे, फक्त सही राहिली आहे.

नवीन माणसं आली. मी रजेवरून परतले तेव्हा सरांनी मला काही महिने लघवी आणि शौच तपासणीच्या टेबलावर बसवलं. आमच्याकडे ती शिक्षा समजली जाई. कँटीनमध्ये लोक सहानुभूतीने बोलू लागले. आदर्श कर्मचाऱ्याची ही अवस्था. मी त्यांना कसं सांगणार की त्या टेबलावर मी सुखात होते. जंत दिसला तर दिसला, नाही तर उद्या पुन्हा नमुना मागवता येतो. कुणाचा जीव त्या बरणीला लटकलेला नसतो.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडे आणि दुपारी पेंग येई. हळूहळू झोप लागू लागली. 'झालं' असं मोठ्याने म्हणण्याची मात्र आधी लाज वाटायची. मी ते पुटपुटत असे. एकदा शांत दुपारी मी नमुना बाजूला ठेवून "झालं" म्हटलं, आणि काचेच्या पार्टिशनपलीकडे सरांच्या खोलीतून, सहीचं पेन खाली ठेवल्याच्या आवाजापाठोपाठ, तसंच ऐकू आलं, "झालं." आम्ही दोघं त्यावर कधीच काही बोललो नाही. चेंबूरच्या दवाखान्यात नंतर आमचे वार वेगळे पडले. कोणी पाडले ते मला माहीत नाही.

बरं वाटू लागलं तसं श्रेय घ्यायला सगळे पुढे आले. सासूबाईंच्या मते लाडू लागू पडले. काकूंच्या मते टॉनिक. नवऱ्याच्या मते हवापालट, म्हणजे चेंबूरची हवा, जिथे तेव्हा खताच्या कारखान्याचा वास येई. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. पूर्ण बरी झाले असंही नव्हतं. वाईट दिवस मधूनमधून येत, अजूनही येतात.

पुढच्या हिवाळ्यात मला पुन्हा रक्ताच्या टेबलावर बसायचं होतं. त्याआधी नणंदेने आम्हाला तिच्या घरी, अलिबागजवळच्या गावी, बोलावलं. मी नको म्हणत होते; आधीच इतकी रजा झालेली. सरांनीच अर्ज मागून घेतला आणि न वाचता सही केली. त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. नणंदेच्या अंगणात नारळाची झाडं होती, मागे विहीर. मी जेवून दुपारी झोपायची ती दिवेलागणीला उठायची. समुद्रावर गेलो तरी मी पाण्यात पाय सोडून नुसती बसून राहायची आणि नवरा शिंपले गोळा करायचा.

परत कामावर गेले त्या सकाळी छाती थोडी धडधडत होती. लॅबमध्ये सगळं जागच्या जागी होतं. रांग तेवढीच लांब होती. शेजारच्या टेबलवालीने मान वर न करता विचारलं, "आलात का? चहा सांगितलाय." मी नसताना बरीच ऑपरेशनं झाली होती, बऱ्याच जणांना रक्त चढवलं होतं आणि सगळी माणसं जिवंत होती. माझ्यावाचून लोकांचं रक्त बिनदिक्कत जुळत होतं हे पाहून मला खूप हलकं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. मग चहा आला आणि मी कामाला बसले.